आतोबांच्या भिंतीवरचे गरुड

जगातल्या कुठल्याही दोन गरुडांमध्ये मोठा कोण यावरून भांडण लागलं असतं, तर निवाड्यासाठी त्यांना माहीमला, माझ्या आतोबांच्या मागच्या पडवीतच उतरावं लागलं असतं. माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे. पालघरला गाडीतून उतरून एस.टी.त बसलं, की थोड्याच वेळात लागतं ते आमचं माहीम. एका अंगाला वाड्या, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधल्या रस्त्यावर पिकल्या केळ्यांचा वास आणि सुक्या बोंबलांचा वास एकमेकांशी हुज्जत घालत उभे. तिथे माझ्या थोरल्या आत्याचं घर होतं, घरामागे केळीची आणि पानवेलीची वाडी होती, आणि त्या वाडीत, सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात पंखांची मापं सांगत फिरणारे आतोबा होते. उंचीनं बेताचे. बेताचे म्हणजे इतके, की शिंक्यावरचं मडकं उतरवायला आत्या त्यांना कधी हाक मारत नसे, स्वतःच उतरवून घेई. पण आवाज, मिशा आणि मतं या तिन्ही बाबतींत त्यांनी ती कसर भरून काढली होती.

या माणसाला पहिला नंबर कुणाचा हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. गोष्ट कुठलीही असो. लग्नाच्या पंगतीहून परत आले की वऱ्हाडातल्या व्याह्यांत पोट कुणाचं पहिलं, हे ते चपला काढायच्या आधी सांगून टाकत. वाडीतल्या सात विहिरींत खोल कुठली, गावातल्या तीन भटजींत लांब श्वास कुणाचा, माकुणसारच्या आणि उमरोळीच्या पाहुण्यांत जास्त वेळ न उठता बसणारा कोण, याचे निकाल त्यांच्याकडे तयार असत. एकदा आत्यानं कौतुकानं विचारलं, “आणि बायकांत पहिली कोण हो?” तेव्हा आतोबा बराच वेळ गंभीरपणे विचार करत राहिले. तो विचार करायला नको होता, हे त्यांना पुढचे चार दिवस बिनमिठाची आमटी खाताना कळलं.

अशा माणसाच्या हाती ते पुस्तक पडावं हा दैवाचाच खेळ. केळव्याच्या बाजूला एका पारशी कुटुंबाचा बंगला रिकामा होत होता. आतोबा तिथे गुलाबाच्या कुंड्या मिळतात का बघायला गेले आणि काखेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. आत शिकारी पक्ष्यांची चित्रं. आतोबा मराठी सातवी पास, इंग्रजीशी त्यांची ओळख फक्त स्टेशनच्या पाट्यांपुरती. तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, त्यामुळे मला नाही म्हणण्याची सोय नव्हती. पडवीत चटईवर बसून मी वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि आतोबांनी डोळे मिटून ऐकायचं. गरुडांचं प्रकरण आलं आणि त्यांनी डोळे उघडले, ते पुन्हा फारसे मिटलेच नाहीत.

त्या पुस्तकानं एक मोठा घोटाळा करून ठेवला होता. जगातला सगळ्यात मोठा गरुड कोण, याचं त्यानं सरळ उत्तरच दिलं नव्हतं. वजनात पहिला म्हणे रशियाच्या टोकाला बर्फाळ किनाऱ्यावर राहणारा, पिवळ्या दांडग्या चोचीचा समुद्रगरुड. चोचीपासून शेपटीपर्यंतच्या लांबीत फिलिपाइन्सच्या रानातला माकडखाऊ पुढे. आणि पंजाच्या ताकदीत दक्षिण अमेरिकेचा हार्पी, जो झाडावरून अख्खं माकड उचलून नेतो आणि ज्याची नखं अस्वलाच्या नखांच्या तोडीची. मी हे सांगितल्यावर आतोबा उठून उभे राहिले. “तीन पहिले? ही काय हळदीकुंकवाची वाणं आहेत, आलेल्या प्रत्येकीला एक? पुस्तक लिहिणारा माणूस भिडस्त दिसतो.” मग त्यांनी स्वतःच नियम केला. वजन खाल्ल्यावर वाढतं, उपाशी राहिल्यावर उतरतं, तेव्हा ते बाद. ताकद माकडावर अवलंबून, माकड मरतुकडं असलं तर कुणीही उचलील, तेव्हा तीही बाद. राहता राहिले पंख. गरुडाचं गरुडपण पंखांत. ज्याचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्त लांब, तो पहिला.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर डाव्या हाताला एक खिळा ठोकला गेला, आणि तिथून उजवीकडे काव लावून एकेका गरुडाच्या पंखांची तांबडी रेघ निघू लागली. पुस्तकात मापं फुटांत होती. फुटांवर आतोबांचा विश्वास नव्हता. “फूट म्हणजे साहेबाचा पाय. तो पाय कुणी बघितलाय? आपली वाव बरी.” आमच्या किनाऱ्यावर दोर आणि जाळी वावेनं मोजतात. दोन्ही हात पसरायचे, एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जेवढा दोर मावेल ती एक वाव. सहा फुटांची एक वाव, हे आतोबांनी शाळेत घोकलेलं होतं. त्यांनी हिशेब केला, डाव्या हाताचं बोट खिळ्यावर टेकवलं, भिंतीला पालीसारखे चिकटून उभे राहिले, आणि उजव्या हाताच्या बोटाशी मला खूण करायला लावली. ती झाली एक वाव. तिच्यावर बोटं चढवत चढवत त्यांनी रशियन, हार्पी, सोनेरी गरुड, माकडखाऊ असे सगळे भिंतीवर पसरून टाकले.

त्या दिवसापासून घरी आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी भिंत मिळू लागली. “हात पसरा,” असं म्हणत आतोबा त्याला भिंतीशी उभा करत आणि निकाल देत. तलाठी माकडखाऊच्या चार बोटं खाली निघाले. शाळेचे हेडमास्तर हार्पीच्या बरोबरीला आले, आणि तेव्हापासून त्यांची छडी जरा वरूनच पडते असं पोरं म्हणू लागली. माझ्या चुलतबहिणीला बघायला सफाळ्याहून मंडळी आली, तेव्हा आतोबांनी मुलाच्या वडिलांनाच भिंतीशी नेलं. ते गृहस्थ सोनेरी गरुडाला मागे टाकून गेले. आतोबा आनंदानं म्हणाले, “वा! घराणं पंखांचं आहे!” लग्न जमलं. ते पंखांमुळे जमलं असं आतोबा शेवटपर्यंत म्हणत, आणि मुलगी सुगरण होती म्हणून जमलं असं आत्या म्हणत असे.

आता सांगायला हवं की हे सगळं वेड नुसतं पुस्तकी नव्हतं. आतोबांच्या वाडीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला, एक जुना रायवळ आंबा होता, आणि त्याच्या शेंड्याला दर्याच्या गरुडाच्या जोडीचं घरटं होतं. पांढरंशुभ्र पोट, राखी पाठ. दरवर्षी पावसाळा सरला की जोडी येई, जुन्या घरट्यावर चार काटक्या नव्या घाली आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करी. झाडाखाली माशांचे काटे आणि दर्यातल्या सापांचे सांगाडे पडत, ते आतोबा उचलून बघत. हा गरुड किती वजन उचलतो हे तपासायला त्यांनी एकदा वाळूवर लहानमोठे पाच मासे मांडले आणि स्वतः एका मोठ्या डालग्याखाली जाऊन बसले. त्याच सुमारास सरकारनं शेर-रत्तल बंद करून किलो आणला होता, म्हणून प्रत्येक माशाचं वजन दोन्ही पद्धतींनी पाठ करून गेले. दुपारपर्यंत गरुड काही फिरकला नाही. तीन मासे कावळ्यांनी नेले, एक कुत्र्यानं, आणि पाचवा आत्यानं येऊन उचलला. जाताना ती डालग्याला उद्देशून म्हणाली, “कावळा पहिला आला. लिहा भिंतीवर.”

या गरुडाचे मालक दोन. झाड आतोबांचं, पण मासा तांडेलाचा. तांडेल म्हणजे माहीमच्या कोळीवाड्यातला आतोबांचा जुना दोस्त, स्वतःच्या होडीचा नाखवा. सहा फूट उंच, हात गुडघ्यापर्यंत, आणि बोलणं एवढं कमी की वारा विचारला तरी मान हलवून सांगायचा. दर्या सुट्टी देईल त्या संध्याकाळी तो टोपलीत दोन पापलेटं नाहीतर वाटाभर कोलंबी घेऊन पडवीत यायचा, आत्या त्याला केळ्यांची फणी द्यायची, आणि मग दोघं मित्र आंब्याच्या शेंड्याकडे बघत गप्प बसायचे. चाळीस वर्षं हे चाललं होतं. “झाड माजं, मासा तुजा, पाखरू दोगांचं,” असं आतोबा त्याच्याशी बोलताना म्हणत. माझ्याशी ते छापील मराठी बोलत, तांडेल आला की त्यांची जीभ सैल होई.

भिंत पुरी झाल्यावर तांडेलानं एवढंच विचारलं, “आपला खय?” म्हणजे आपला गरुड कुठे आहे. आतोबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं, की पुस्तकात आपला आहे, पण मोठ्यांच्या यादीत नाही. वजनाला रशियावाल्याच्या निम्मासुद्धा भरायचा नाही. पंखांचं माप त्या पानावर दिलेलं नाही. तांडेलानं भिंतीकडे बघितलं, टोपली उचलली आणि गेला. पण गोष्ट त्यानं मनात धरली होती, हे आम्हाला त्या वर्षीच्या माघात कळलं.

झालं असं, की किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यात जोडीतली मादी अडकली. तांडेलानं तिच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं, दोन खलाशांना धरायला लावून तिचे पंख वाळूवर पसरले, दोरी लावून माप घेतलं आणि तिला सोडून दिलं. सोडताना तिनं त्याच्या उजव्या मनगटात नखं रुतवली, ती हाडापर्यंत. फडकं बांधलेला तो हात आणि ती दोरी घेऊन तो थेट पडवीत आला. त्या दिवशी सुट्टी होती, चार शेजारी जमलेले होते, मीही होतो. तांडेलानं दोरीचं एक टोक खिळ्यावर धरलं आणि दुसरं टोक भिंतीवर ताणलं. दोरी माकडखाऊच्या पुढे गेली. सोनेरी आणि हार्पी यांच्या पुढे गेली. आणि रशियावाल्याच्या रेघेलाही ओलांडून चार बोटं पलीकडे थांबली.

“आपला पयला,” तांडेल म्हणाला.

खरं तर आतोबांनी आनंदानं उडी मारायला हवी होती. पण नियम म्हणजे नियम. ते म्हणाले, दोरी ओली असणार, ओली दोरी ताणली जाते. तांडेल म्हणाला, मी चाळीस वर्सं दोर मोजतोय. ते म्हणाले, पाखरू घाबरलं म्हणजे पंख जास्त पसरतं. तांडेल म्हणाला, तू कदी घाबरलास तं तुजे पसरतात काय? मग आतोबांनी बोलू नये ते बोलून टाकलं. “पुस्तक काय उगाच छापतात? तुमा लोकांना आपलं तेवडं मोटं दिसतं.” तांडेल भिंतीजवळ गेला, डावं बोट खिळ्यावर ठेवून त्यानं आपले लांब हात पसरले, आणि त्याची एक वाव रशियावाल्याच्या रेघेच्या अगदी टोकापर्यंत पोचली. त्यानं वळून विचारलं, “ही भिंत कोणाच्या वावंनं मोजली?”

“माज्या,” आतोबा म्हणाले.

“मंग तेच. तुजे हात आखूड, म्हून दुनियेचे गरुड ल्हान झाले!”

सगळी पडवी हसली. शेजारी हसले, मी हसलो, त्याचं काही नाही. पण आतल्या दारात उभी असलेली आत्याही पदर तोंडाला लावून हसली, आणि ते आतोबांनी बघितलं. आयुष्यभर उंचीबद्दल एक शब्द कुणाला बोलू न दिलेला माणूस तो. ते आत गेले आणि तांडेल जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

अबोला धरण्यातही आतोबांना पहिला नंबर हवा होता. तांडेल समोरून आला की ते केळीच्या पानांची पाहणी करू लागत. तांडेलाची सून आता त्याच्या जागी मासळी घेऊन दाराशी यायची, आत्या तिला केळी द्यायची, पण तो व्यवहार दोन परक्या राज्यांच्या वकिलांसारखा चाले. संध्याकाळी आतोबा एकटेच आंब्याकडे बघत बसत. एकदा मला म्हणाले, “एकट्यानं बघितलं की पक्षी लवकर संपतो.” मला त्या वेळी हसू आलं होतं. आज येत नाही.

याच वर्षांत तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, आणि मला तिथे एका ठेकेदाराच्या गुदामात कारकुनी मिळाली. बोईसरला खोली घेतली, सुट्टीला माहीमला यायचं. आतोबा एकदा बांधकाम बघायला आले. मोठी क्रेन लोखंडी तुळई उचलत होती. त्यांनी खाली उभं राहून, क्रेनचं स्वतःचं वजन किती आणि ती उचलते किती, असं चालवणाऱ्या पंजाबी मिस्त्रीला माझ्यामार्फत विचारलं, आणि मनात गणित करून जाहीर केलं, की आपल्या अंगाच्या मानानं माकड उचलणारा हार्पी या यंत्राच्या पुढे आहे. मिस्त्री वरून शांतपणे म्हणाला, “बाबूजी, क्रेन बंदर नहीं खाती.” तिथल्या एका अमेरिकन साहेबानं आपल्या देशाचा गरुड नाण्यावर छापलेला दाखवला. आतोबांनी नाणं परत देत मला सांगितलं, “त्याला म्हणावं, नाण्यावर छापल्यानं पक्षी मोठा होत नाही.” मी साहेबाला सांगितलं, की फार सुंदर आहे.

गुदामात मला पोलादी टेप मिळाली होती. एका सुट्टीला मी ती घेऊन आलो, म्हटलं ही भिंत एकदाची मोजूनच टाकू. आतोबांना खिळ्याशी उभं केलं, हात पसरायला लावले आणि टेप धरली. बरोबर पाच फूट. मी दोनदा मोजलं. सहा फुटांची म्हणून धरलेली वाव पाच फुटांची होती, त्यामुळे पुस्तकात साडेसात फूट असलेला रशियावाला भिंतीवर सव्वासहा फुटांचा झाला होता, आणि बाकीचेही त्याच मापानं आखडले होते. तांडेलाच्या दोरीची खूण अजून भिंतीवर होती. ती मोजली तर साडेसहा फुटांच्या वर गेली. म्हणजे तांडेलाचं माप खरं होतं आणि बोलणंही खरं होतं. फक्त निकाल चुकीचा होता. रेघा नीट लांबवल्या असत्या, तर आपला गरुड पहिला राहत नव्हता. रशियावाला फूटभर पुढे जात होता, सोनेरी आणि हार्पीही थोडे पुढे सरकत होते.

आतोबांनी टेपेवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे भिंत दुरुस्त केली तर तांडेल खोटा ठरतो. आणि नाही केली तर मी खोटा.” मी म्हटलं, आतोबा, त्याला जाऊन एवढंच सांगा की तुझं माप बरोबर होतं. ते म्हणाले, “आणि त्यानं विचारलं, मग पहिला कोण? तर?” रेघा लांबवायला काव कालवून ठेवलेली वाटी कोनाड्यात तशीच वाळून गेली. भिंतीला महिनोन्‌महिने कुणी हात लावला नाही.

पुढच्या श्रावणात तांडेलाची सून मासळीशिवाय दाराशी आली. आत्यानं बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. “मामंजींचा उजवा हात लकव्यानं गेला, आते. पायबी वडतात. बोलतात, पण तोंड भिंतीकडं करून निजतात.” धाकट्या मुलानं नवी होडी बांधली होती. नारळी पुनव झाली, बाकीच्या होड्या दर्यात गेल्या, ही मात्र किनाऱ्यावर. कारण नव्या होडीच्या नांगराचा दोर घरातल्या म्हाताऱ्या तांडेलानं आपल्या वावेनं मोजून द्यायचा, तो जिवंत असताना मुलानं हात पसरायचा नाही, अशी त्या घरची रीत. दोराचं वेटोळं पंधरा दिवस अंगणात पडलं होतं. मुलगा काही बोलत नव्हता, बाप उठत नव्हता. सून गेली तेव्हा आतोबा पडवीतून आत आले आणि आत्याला म्हणाले, “माझा धुतलेला सदरा कुठे आहे?”

मीही त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि आतोबा गप्प चालताहेत हे बघायला लोक दारात आले. तांडेल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दीड वर्षानं दोघं एका खोलीत होते. आतोबा खाटेच्या कडेला उभे राहून म्हणाले, “ऊट. दोर मोजायचाय.”

“हात नाय माजा,” तांडेल भिंतीलाच म्हणाला.

“डावा हाय ना? डावा तुजा, उजवा माजा. चल.”

तांडेलानं मान वळवली. आजारानं त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, पण नजर जुनीच होती. “तुजा हात आखूड हाय.”

खोलीत मुलगा होता, सून होती, दाराशी कोळीवाड्यातली दहा माणसं होती. मला वाटलं, आता हे पाठ फिरवणार. आतोबा म्हणाले, “हाय. माजी वाव पाच फुटांची. भाच्यानं लोखंडी टेप लावून बगितली. तुजी दोरी खरी, माजी भिंत खोटी. तू बोललास तेच बरोबर.” एवढं मोठ्यानं बोलले, की बाहेरच्यांनाही ऐकू जावं.

तांडेल मूर्ख नव्हता. आयुष्यभर वारा आणि पाणी मापलेला माणूस. “मंग भिंतीवरचे समदे लांब व्हनार,” तो सावकाश म्हणाला. “आनि आपला?”

आतोबा काय सांगणार ते मला ठाऊक होतं. हा माणूस बायकोच्या तोंडावर तिचा पहिला नंबर मान्य करायला विचार करत बसलेला. मी जमिनीकडे बघू लागलो.

“आपला पयला,” आतोबा म्हणाले. “मोजून सांगतोय.”

तांडेलाचं अर्धं तोंड हसलं. उरलेल्या अर्ध्याला जमलं नाही. त्यानं डावा हात मुलाकडे केला आणि म्हणाला, “उटव मला.”

अंगणात मुलानं त्याला मागून धरून उभं केलं. त्याच्या उजव्या अंगाला आतोबा उभे राहिले, खांद्याला खांदा लावायला गेले, तर त्यांचा खांदा तांडेलाच्या कोपराशी आला. सून आत गेली आणि दोन पाट घेऊन आली. एकावर एक ठेवले, आतोबा त्यांच्यावर चढले. हसायचं कुणालाही सुचलं नाही. तांडेलानं डावा हात पसरला, आतोबांनी उजवा, आणि मधल्या बाजूला तांडेलाचा तो गेलेला हात, मनगटावर गरुडाच्या नखांचा व्रण घेऊन, आतोबांनी आपल्या डाव्या हातात धरून ठेवला. मी दोर पुढे सरकवत होतो. तांडेल मोजत होता, “येक… दोन… तीन…” प्रत्येक वावेला आतोबा चवड्यांवर उंच होत, अंगात असेल तेवढा हात लांब करत. साठी उलटलेला माणूस, घाम नुसता निथळत होता, पण त्यांनी एकदाही हात आखडू दिला नाही. मोजणी झाली, मुलानं दोर खांद्यावर घेतला, आणि दुसऱ्याच भरतीला होडी पाण्यात गेली. दोर लांब झाला की आखूड, हे त्या मुलानं कधीच कुणाला सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, “नांगर धरतो ना? मंग झालं.”

घरी आल्यावर आतोबांनी कोनाड्यातली वाटी धुऊन नवी काव कालवली. मला वाटलं, आता रेघा लांबवणार. त्यांनी बाकी एकाही रेघेला हात लावला नाही. तांडेलाच्या दोरीच्या खुणेपर्यंत सगळ्यांच्या वर एक जाड रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, “आपला. पहिला.” प्रत्येक गरुडापुढे त्यांनी वाव आणि बोटं लिहिली होती, फक्त या एकापुढे लिहिली नाहीत. मग पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे तू बोईसरला घेऊन जा. इथे कुणी वाचत नाही.”

त्यानंतर तांडेल दोन पावसाळे जगला. दर संध्याकाळी मुलगा त्याला हाताला धरून आमच्या पडवीत आणून बसवी, आत्या केळं सोलून त्याच्या डाव्या हातात देई, आणि दोघं आंब्याकडे बघत गप्प बसत. घरी आलेल्यांना आता कुणी भिंतीशी उभं करत नसे. तांडेल गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आतोबाही गेले. शेवटच्या दिवसांत मी सहज विचारलं होतं, आतोबा, तुम्ही जन्मात एकदाच खोटं बोललात, खरं ना? ते पडल्या पडल्या म्हणाले, “खोटं कुठलं? चाळीस वर्षं रोज ज्याच्याकडे बघितलं, तो पहिला नाही तर कोण?” मला त्यांचं गणित पहिल्यांदाच बरोबर वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही.

आत्या दर दिवाळीला सगळं घर रंगवून घेते, ती भिंत सोडून. पावसाच्या ओलीनं हार्पी आणि माकडखाऊ एकमेकांत मिसळून गेलेत, रशियावाल्याचं नाव पुसलंय. सगळ्यांत वरची रेघ मात्र अजून नीट वाचता येते. मी माहीमला गेलो की पडवीत जरा वेळ बसतो, पाखरू दिसलं तर दिसलं. ती पोलादी टेप माझ्याकडे अजून आहे. त्या भिंतीला मी ती पुन्हा कधी लावली नाही.